तू ये मागून

रस्त्याच्या कडेला मैलाचा दगड दिसला की आकडेवाले सायकल थांबवायचे, झाडाला टेकवायचे आणि दगडाच्या पाठीमागे जाऊन उकिडवे बसायचे. लांबून बघणाऱ्याचा भलताच समज व्हायचा. एकदा गाजराच्या शेतातून एका बाईनं ओरडून सांगितलं होतं, "अहो काका, थोडं पुढे गेलात तर दाट झुडपं आहेत."

आकडेवाले लाजून उभे राहिले. "तसं नाही ताई. मी खूण बघतोय."

"कसली खूण?"

"अंगठ्याची."

माणूस वेडा तर नाही ना, हे बघायला बाई खुरपं घेऊनच आली. मग तीही दगडामागे वाकली. तिथं मुंग्यांचं वारूळ होतं आणि एका काचेचा लहान मुलाचा चष्मा होता. अंगठा नव्हता. बाईनं चष्मा पुसून पदराला बांधला, कुणाचा ते शोधते म्हणाली, आणि यांच्या पिशवीत मूठभर गाजरं कोंबली. तेवढ्या वेळात आकडेवाल्यांची सगळी कहाणी तिला ऐकून झाली होती. या माणसाला कहाणी सांगायला वेळ लागत नसे, कारण सांगून सांगून ती गुळगुळीत झाली होती.

कहाणी अशी. दोघे भाऊ. धंदा मैलाचे दगड रंगवायचा. आडबाजूच्या रस्त्यांवर, जिथे दिवसाला चार गाड्या गेल्या तर गर्दी झाली म्हणायचं, तिथले दगड सगळे यांच्या हातचे. दादा दगड घासायचा, वर पिवळा आणि खाली पांढरा हात द्यायचा. आकडे धाकट्याने काढायचे, कारण दादाच्या हातून आठ कधी सरळ उभा राहिला नाही, नेहमी पाठीत पोक. म्हणून थोरला पांढरेवाले आणि धाकटा आकडेवाले. सायकलीसुद्धा दोघांनी उरलेल्या रंगाने रंगवल्या होत्या, अर्ध्या पिवळ्या, अर्ध्या पांढऱ्या. चेहरेही एका साच्यातले. लांबून कोण कुठला ते त्यांच्या आईलाही ओरडून विचारावं लागायचं.

कामाची रीत ठरलेली होती. रंग वाळायला एक दिवस लागतो. म्हणून दादा आज निघायचा आणि धाकटा उद्या. निघताना दादा एकच वाक्य बोलायचा, "मी पुढे होतो, तू ये मागून." दिवस मावळायच्या आत जिथे मुक्काम करायचा, तिथल्या दगडाच्या पाठीमागे तो ओल्या रंगात अंगठा उठवून ठेवायचा. मागून येणाऱ्याने समजायचं, की दादा इथेच कुठेतरी, कुणाच्या ओसरीवर किंवा शाळेच्या व्हरांड्यात आहे. सगळा जन्म धाकट्याने दुसरा विचार केला नाही. दगड पांढरा दिसला की आपण बरोबर चाललोय आणि अंगठा दिसला की पोचलो, एवढा सोपा हिशेब होता. लग्न करायचंही त्याचं राहून गेलं. दादाच्या घरात, वहिनीच्या हातचं खाऊन तो सुखात होता.

मग पत्र्याचे चकाकते फलक आले आणि दगडांना कुणी विचारेना. दोघे भाऊ घरी बसले. दादाला बसणं सोसलं नाही. आधी तो चष्मा कुठे ठेवला ते विसरू लागला, मग जेवलो का ते, मग एकदा वहिनीला त्याने आपल्या बहिणीच्या नावाने हाक मारली. वहिनी 'ओ' देऊन मोकळी झाली, पण स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ भांडी घासत राहिली. तो सकाळी उठायचा, ब्रश भिजत घालायचा आणि दारात उभा राहायचा.

एका सकाळी त्याने रंगाचे डबे सायकलला लावले. वहिनी मागच्या अंगणात होती. धाकटा ओट्यावर दाढी करत होता. दादा त्याच्याकडे बघून, अगदी शहाण्या माणसासारखा म्हणाला, "मी पुढे होतो, तू ये मागून."

धाकटा साबणाच्या तोंडाने "बरं" म्हणाला.

वहिनीनं दुपारी विचारलं, "अहो भावजी, कामच नाही तर हे गेले कुठे? जा की बघून या."

"कुठूनतरी मिळालं असेल काम," हा म्हणाला. "आज जाऊन काय करू वहिनी? रंग ओला असेल. उद्या जातो."

दुसऱ्या कुणी असलं उत्तर दिलं असतं तर त्याला मूर्ख म्हणता आलं असतं. पण सगळं आयुष्य ज्याने दादाच्या मागे एक दिवस ठेवून काढलं, त्याला त्या दिवशी घाई कशी सुचावी? दुसऱ्या दिवशी तो निघाला, तेव्हा गावाबाहेरचा पहिला दगड स्वच्छ पांढरा पिवळा झालेला होता. हात लावून पाहिला, वाळला होता. पाठीमागे अंगठा नव्हता. म्हणजे मुक्काम पुढे. पुढचा दगड मात्र जुनाच, शेवाळलेला. त्याच्या पुढचाही. तिथून तीन रस्ते फुटत होते आणि तिन्हींवर एकही नवा रंगवलेला दगड नव्हता.

पोलिसांत सांगून झालं, दवाखाने पालथे घालून झाले. पांढरेवाले काही मिळाले नाहीत. तेव्हापासून थंडी सरत आली की आकडेवाले सायकल काढायचे आणि महिना दीड महिना आडरस्त्यांवर फिरायचे. लोक हल्ली हौसेने सायकलवर देश बघायला निघतात, डोक्यावर टोपड्यासारखं काहीतरी घालून. तसले वाटेत भेटले की त्यांना वाटायचं, म्हातारा आपल्यातलाच. "काका, किती फिरलात?" असं ते कौतुकाने विचारायचे. आकडेवाले म्हणायचे, "अजून पोचलो नाही." मग ते यांना आपल्याकडचा खजूर द्यायचे आणि हे त्यांच्या सैल झालेल्या साखळ्या ताणून द्यायचे.

खरं सांगायचं तर त्या फिरण्यात मौज नव्हती असं नाही. रस्ता माणसाला काही ना काही देतोच. मैलाचा एक दगड एका धोब्याने उपटून नेऊन धुणं आपटायला घातला होता. आकडेवाल्यांनी काढलेला चौदा अजून त्याच्यावर दिसत होता, आणि धोबी म्हणाला, "तुमचा रंग जात नाही हो, कपड्यांना लागतो." एक दगड मेंढपाळाच्या दाराची पायरी झाला होता. बस बंद झालेल्या एका थांब्यावर निवृत्त बसवाला रोज ठरल्या वेळी येऊन बसायचा. त्याच्याशी आकडेवाल्यांची गट्टी जमली. दोघे शेजारी बसून न येणाऱ्या बसला शिव्या द्यायचे.

जिथे जिथे बसणं झालं, तिथे तिथे आकडेवाले घरचा फोन नंबर रंगवून यायचे. चहाच्या टपरीच्या खांबावर, पाण्याच्या टाकीवर, पिठाच्या गिरणीच्या दारामागे. आकडे असे सुरेख, की लोक पुसायला धजत नसत. घरात मोबाइल एकच होता आणि तो वहिनीकडे राहायचा. दादाला सगळ्या जगातला तो एकच नंबर पाठ होता. विसरता विसरता तेवढा राहिला असेल आणि त्याने लावला, तर उचलायला घरात कुणी हवं ना? म्हणून आकडेवाले फोनशिवाय फिरायचे. फोन आला तर वहिनी ऐकून ठेवेल, परत आलो की सांगेल.

आणि फोन येऊ लागले. पहिल्या वर्षी नाही. दुसऱ्या वर्षी यांना दुधाच्या गाडीचा ड्रायव्हर भेटला. भला माणूस, पण बोलका एवढा की दूध नासावं. आकडेवाल्यांनी त्याला वर्णन सांगितलं, "माझ्यासारखाच दिसतो, जरा वाळलेला. अर्धी पिवळी, अर्धी पांढरी सायकल. मागे रंगाचे डबे." ड्रायव्हर पहाटे निघायचा आणि न्याहारीच्या आत वीस गावांत ती बातमी पोचवून यायचा. त्या वर्षी आकडेवाले घरी परतले तेव्हा वहिनी दारातच उभी होती. तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं, की सायकल उभी करायचंही यांना सुचलं नाही.

"दिसलेत," ती म्हणाली. "कालव्याच्या पुलावर बसले होते म्हणे. पायातला बूट काढून."

त्या रात्री दोघं पोटभर जेवली. त्यानंतर दर वर्षी दोन चार फोन ठरलेले. चुन्याच्या पडक्या भट्टीपाशी दिसले. शेताच्या बांधावर झोपले होते. फोन करणारे सगळे शेतातून, गच्चीवरून, लांबून बघणारे. जवळ जाईपर्यंत माणूस पुढे गेलेला. मुलीनं, म्हणजे दादाच्या लेकीनं, किती वेळा म्हटलं की आई, घर बंद करून माझ्याकडे ये. वहिनी म्हणायची, "ते चालते फिरते आहेत. मी दाराला कुलूप लावून कशी येऊ?" आणि आकडेवाले पुढच्या वर्षी कालव्याच्या पुलावर, चुन्याच्या भट्टीपाशी, बांधाबांधावर दादाला शोधत फिरायचे. गुडघे कुरकुरायला लागले होते. पण दादा जिवंत आहे आणि आपल्याहून एकाच दिवसाने पुढे आहे, हे ज्याला कळलंय त्याने गुडघ्याचं ऐकायचं का?

यंदाच्या फिरतीचा शेवट शेवट होता. ऊन बरं पडलं होतं, म्हणून स्वेटर काढून मागच्या गाठोड्यात खुपसलेला. दुपारी ते एका रेल्वे फाटकाशी आले. फाटकाला एक बाई होती, वयाने साठीकडे झुकलेली, हातात हिरवी लाल झेंडी आणि पायात नवऱ्याच्या मापाचे बूट. सायकल बघताच ती खोलीतून धावतच आली.

"तुम्ही त्यांचे भाऊ," ती म्हणाली. "मला माहीत आहे. सायकली सारख्याच, दूधवाल्यानं सांगितलंय. बसा, आधी बसा."

तिनं चहा टाकला. खोली एवढीशी, पण लखलखीत. खिडकीत टोमॅटोचं रोप लावलेलं, भिंतीवर घड्याळ आणि त्याच्याखाली कोळशाने लिहिलेला यांच्याच घरचा फोन नंबर. आकडेवाल्यांनी तो पाहिला आणि न विचारता ब्रश काढून नीट रंगवून दिला. बाई हरखली.

"मी बघितलंय त्यांना," ती म्हणाली. "गेल्या वर्षी, याच सुमाराला."

आकडेवाले कप घेऊन तिच्याकडे सरकले. आजवर त्यांना दादाला बघितलेलं माणूस समोरासमोर भेटलं नव्हतं. सगळं वहिनीच्या तोंडूनच ऐकलेलं.

"कुठे?"

"हे काय, रुळांच्या पलीकडे. मी फाटक पाडलेलं, मालगाडी यायची होती. ते पलीकडे सायकल धरून उभे. मी म्हटलं, अरे, हेच ते. हाका मारल्या, पण तेवढ्यात गाडी आली. मेली एवढी लांब, संपता संपेना. डब्यांच्या फटीतून मला दिसत होतं, सायकल फिरवतायत. गाडी गेली तेव्हा ते कालव्याच्या वाटेला लागले होते."

आकडेवाल्यांनी रुळांपलीकडे पाहिलं. गेल्या वर्षी आपणही कुठल्याशा फाटकाशी मालगाडीला कंटाळून सायकल फिरवली होती, असं त्यांना अंधूक आठवलं. पण फाटकं काय, सगळी सारखीच.

"तब्येत कशी होती?" त्यांनी विचारलं.

"बरी वाटली. थकलेले होते. अंगात जाडजूड चॉकलेटी स्वेटर. लक्षात राहिला, कारण डाव्या कोपराला हा एवढा हिरवा तुकडा. मी मनात म्हटलं, कुणीतरी जीव लावून विणलाय, आणि नेमकी लोकर संपली."

कप खाली ठेवायला आकडेवाल्यांना जागा सापडेना. दादा गेल्यानंतरच्या पहिल्या थंडीत वहिनीनं तो स्वेटर विणायला घेतला होता, भावजींना, उन्हातान्हात आणि थंडीवाऱ्यात फिरायचं म्हणून. कोपर उसवलं तेव्हा चॉकलेटी लोकर मिळाली नाही. दादाने तो स्वेटर कधी पाहिलासुद्धा नव्हता.

कालव्याच्या पुलावर बूट काढून आपणच बसलो होतो, टाच चावत होती म्हणून. भट्टीपाशी आपणच थांबलो होतो, वारा सुटला होता म्हणून. बांधावर आपणच झोपलो. दुधाची गाडी पुढे जाऊन वर्णन सांगत होती आणि मागून त्या वर्णनाचा माणूस सायकल मारत येत होता. इतकी वर्षं ते आपल्याच मागावर होते. आठवून आठवून त्यांनी एक एक फोन तपासला, एखादा तरी उरतो का ते पाहिलं. एकही उरला नाही. उरला तो गावाबाहेरचा पहिला पांढरा दगड, आणि त्याच्या पाठीवर काहीच नव्हतं.

"तुम्ही घरी फोन केला होता का?" त्यांनी विचारलं. आवाज आपला नाही असं त्यांना वाटलं.

"लगेच. बाई फार गोड बोलल्या. मी स्वेटरचं पण सांगितलं, हिरव्या कोपराचं. जरा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मला वाटलं फोन कटला. मग म्हणाल्या, हो, तेच ते. घरचं माणूस बघा, लगेच ओळखलं."

आकडेवाल्यांनी मान हलवली. मग त्यांनी चहा संपवला, कप विसळून ठेवला आणि रोपाला टोमॅटो छान धरलेत असंही म्हणाले. बाईनं दोन पिकलेले तोडून दिले.

"भेटतील हो," ती म्हणाली. "परत दिसले तर या वेळी गाडीच थांबवते."

"थांबवा," आकडेवाले म्हणाले.

ऊन कललं होतं आणि गार वारा सुटला होता. फाटकापाशी त्यांनी गाठोड्यातून स्वेटर बाहेर काढला नाही. कुडकुडत तसेच निघाले. कालव्याचं वळण घेतल्यावर, बाईच्या नजरेआड झाल्यावर, त्यांनी गाठोडं सोडलं, स्वेटर अंगात चढवला आणि रस्त्याच्या कडेला बसून रडले. म्हातारा माणूस रडतो तेव्हा आवाज कमी आणि खोकला जास्त. एक सायकलवाली मुलगी थांबली, टोपड्यातली, आणि पंक्चर आहे का म्हणून तिनं विचारलं. ते म्हणाले, नाही बाळ, दम खातोय. तिनं आपली पाण्याची बाटली त्यांना दिली आणि ते पाणी पीत असताना उगीच उभी राहिली.

मग त्यांनी हँडल घराकडे वळवलं. वाटेत एकाही दगडाच्या मागे वाकले नाहीत. फक्त एकच प्रश्न त्यांना चावत राहिला. वहिनीला गेल्या वर्षीच कळलं होतं. तरी यंदा तिनं डबा बांधून दिला, दारात उभी राहिली, म्हणाली, "भट्टीच्या बाजूला आधी बघा." का? मला बरं वाटावं म्हणून? की फोन वाजावा म्हणून? आपण निघालो नसतो तर तो फोन आता कधीच वाजला नसता. याचं उत्तर त्यांना शेवटपर्यंत मिळालं नाही आणि ते विचारायची हिंमतही झाली नाही.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. वहिनी ओट्यावर बसली होती, मांडीवर फोन. उठली, पाणी दिलं, पायांकडे बघितलं.

"दमलात."

"हं."

"तीन फोन आले यंदा," ती म्हणाली. "दिसलेत. त्या धोब्याच्या घाटावर बसले होते म्हणे." ती यांच्याकडे बघत नव्हती, फोनची काच पदराने पुसत होती.

धोब्याशी आपण यंदाच तास दीड तास गप्पा मारल्या होत्या. आकडेवाल्यांनी तोंड उघडलं. इतक्या लांबून त्यांनी एकच वाक्य जुळवत आणलं होतं, वहिनी, तो मीच आहे, दादा नाही. तिचे हात त्यांना दिसले. काच केव्हाच स्वच्छ झाली होती आणि ती अजून पुसत होती.

"फाटकावरही कुणी म्हणालं," ते म्हणाले. "गेल्या वर्षी दिसला होता म्हणून."

वहिनीचा हात थांबला.

"हो?" ती हळूच म्हणाली. "बरे होते का?"

"बरा होता. थकला होता जरा."

वहिनीनं फोन ओट्यावर ठेवला. मग ती त्यांच्या डाव्या बाजूला आली आणि बाही चिमटीत धरून बघितली. हिरवा तुकडा एका कडेने सुटला होता.

"काढा हा," ती म्हणाली. "पुढच्या थंडीपर्यंत टिकायचा नाही. आता चॉकलेटी लोकर मिळते बाजारात. पहिल्यासारखं करून देऊ का, कळणारसुद्धा नाही?"

आकडेवाल्यांनी स्वेटर काढून तिच्या हातात दिला.

"नको," ते म्हणाले. "हिरवंच लावा. लांबून दिसतं."

वहिनीनं मान हलवली आणि सुई शोधायला आत गेली.